पेवातला प्राणवायू

नानाजी श्वास घेत असे. श्वास सगळेच घेतात, नानाजी तो घेऊन दाखवत असे. सकाळी अंगणात उभा राहून, छाती पुढे काढून, नाकपुड्या फुगवून तो इतक्या मोठ्याने हवा आत ओढायचा की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसका द्यायची. मग रस्त्याने जो कोणी जात असेल त्याला थांबवून विचारायचा, "आता म्या काय घेतलं, सांग बरं?"

उत्तर ठाऊक असूनही लोक "हवा" म्हणायचे, कारण तसं म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

"हवा नाई बापा. प्राणवायू!"

आमचं गाव शेलूबाजारहून कोसभर आत. नानाजीची तिथे थोडी शेती होती, कपाशी आणि ज्वारी पिकायची, दोन वेळचं नीट भागायचं. मराठी शाळेतल्या सगळ्या इयत्ता त्याने पार केल्या होत्या, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे. तरीही चाळिशीपर्यंत तो इतर चारचौघांसारखाच होता. बिघडला तो १९३० साली, एका व्याख्यानाने.

शेलूबाजारात त्या वर्षी एक गृहस्थ मॅजिक लँटर्नची चित्रं घेऊन आले होते. पांढऱ्या धोतराच्या पडद्यावर फुप्फुसांची चित्रं दाखवून त्यांनी हवेची माहिती सांगितली. हवेचे शंभर भाग केले तर त्यात अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायू, एकवीस भाग प्राणवायू, आणि उरलेल्या एका भागात बाकीचे सगळे किरकोळ वायू. आपल्याला उपयोग त्या एकवीस भागांचा. फुप्फुसांतून तो रक्तात जातो, रक्त तो अंगभर पोचवतं, आणि खाल्लेलं अन्न त्याच्या जोरावर शरीरात सावकाश जळतं. त्या जळण्याची ऊब आणि ताकद म्हणजेच माणसाचं जगणं. जळून उरतो तो कर्बवायू, तो आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतो. जेवणाशिवाय माणूस कितीतरी दिवस काढतो, प्राणवायूशिवाय थोडी मिनिटंही काढत नाही, कारण शरीराला तो साठवून ठेवता येत नाही. शेवटी त्यांनी पेटत्या मेणबत्तीवर काचेचं भांडं पालथं घालून ती विझवून दाखवली. झाडांची पानं उन्हात कर्बवायू घेतात आणि प्राणवायू देतात, हेही सांगितलं.

सांगितलं ते सगळं बरोबर होतं. नानाजीने त्यातलं निम्मं ऐकलं, कारण उरलेल्या वेळात तो शेजारी बसलेल्यांना आधीचं निम्मं समजावून सांगत होता. झाडं हे काम उन्हातच करतात, हे वाक्य आलं तेव्हा तो बहुधा बोलत होता.

तिथून परतला तो शास्त्रज्ञ होऊन. हिवाळ्यात पारावर शेकोटी पेटली की हा पाणी घेऊन हजर. "गावाचा प्राण जाळून राह्यले तुमी!" उघड्या आभाळाखाली शेकोटीने गावाचा प्राणवायू संपतो असं मानणाऱ्या माणसाला काय समजावायचं? लग्नाच्या पंगतीत तो पाहुण्यांना हात हात अंतर ठेवून बसवू लागला. एका मयतीला गेला, तर तिरडीशेजारी उभा राहून मेलेल्याच्या मुलाला म्हणाला, "याच्या वाट्याचा आता तुमाले मिळन." त्या मुलाच्या हातात तेव्हा मडकं नसतं तर नानाजीचे दोन दात तरी गेले असते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच्या घरात प्रयागबाई होती, आणि प्रयागबाईला दमा होता.

प्रयागबाई नानाजीची बायको. काटक, सावळी, फटकळ बाई. बसल्याजागी नवऱ्याला आडवा करील अशी तिची जीभ होती, फक्त वाक्य पुरं करायला दम पुरत नसे. पावसाळा लागला की तिची छाती वाजू लागायची. आडवी पडली की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर डोकं टेकून ती रात्र काढायची. असे कितीतरी महिने गेले होते. मंगरूळपीरच्या दवाखान्यातून आणलेली पूड जाळून तिचा धूर घेतला की तिला घटकाभर बरं वाटायचं. नानाजीने ती पूड उकिरड्यावर फेकली, धूर प्राणवायू खातो म्हणून. मग त्याने तिच्या उशाशी तुळशीच्या कुंड्या मांडल्या. त्याने काही झालं नाही तेव्हा कडब्याच्या पेंढ्या रचल्या. त्यातल्या धुळीने तिचा दमा दुप्पट झाला, तर तो म्हणाला, "प्राण लागू पडून राह्यला. खयखय व्हनारच."

त्या पावसाळ्यात त्याला पेव सुचलं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आत कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी, तोंडावर दगडाची शिळा आणि तिच्यावर शेणमातीचं लिंपण. नानाजीच्या अंगणाच्या कडेला त्याच्या आजोबांच्या वेळचं असं एक पेव होतं. उन्हाळ्यात त्यातली अर्धी ज्वारी काढून त्याने शिळा पुन्हा लिंपून टाकली होती.

त्याचा हिशेब सरळ होता. झाडं प्राणवायू देतात. ज्वारी हे झाडच. पेवात ज्वारीचे कोट्यवधी दाणे आहेत आणि तोंड बंद आहे. म्हणजे आत नुसता प्राणवायू साचला असणार. दमेकऱ्याला त्यात बसवलं की दमा पळाला.

या हिशेबात एकही बेरीज बरोबर नव्हती. प्राणवायू देते ती झाडाची हिरवी पानं, आणि तीही फक्त उजेडात. दाणा हिरवा नसतो आणि पेवात मिट्ट काळोख. पण दाणा मेलेलाही नसतो. पेरला की उगवतो, म्हणजे जिवंत असतो, आणि जिवंत असतो म्हणजे आपल्यासारखाच श्वास घेतो. थोडा घेतो, पण कोट्यवधी दाण्यांचा थोडा मिळून पुष्कळ होतो. ओल लागली की तो आणखी वाढतो, आणि त्या वर्षी लिंपणाला तडे जाऊन पावसाची ओल आत उतरली होती. बंद पेवातले ते एकवीस भाग असे उतरत जातात आणि त्यांच्या जागी कर्बवायू भरतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खालीच साचून राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही. त्यात उतरलेल्या माणसाचं नाक चालतं, छाती हलते, पण रक्ताच्या हाती काही लागत नाही, आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो.

आमच्याकडच्या लोकांना यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण पेवाची वाफ मारते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पेव उघडलं की रात्रभर तोंड मोकळं ठेवायचं, सकाळी पासोडीने आत वारा घालायचा, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा. नानाजी स्वतः जन्मभर असाच उतरला होता. पण व्याख्यान ऐकल्यापासून तो आपल्या बापापेक्षा शहाणा झाला होता.

पोळा जवळ आला होता तेव्हा प्रयागबाईचा भाऊ इंद्रभान शिरपूरहून बहिणीला बघायला आला. येऊन पाहतो तर अंगणात पाटी, दोर आणि शिडी मांडलेली, आणि बहीण भिंतीशी बसून धापा टाकते आहे. नानाजीने मेव्हण्याला पाणी विचारायच्या आधी योजना सांगितली.

इंद्रभान बहिणीकडे वळला. "बाई, हे काय म्हनते? तू बसनार हायेस त्या पेवात?"

"बसीन मी." पुढचं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. "मेली तं... झोप तं लागन."

"येड लागलं का तुले?"

"तुले रातभर... बसून पाहा लागते. मंग बोल."

इंद्रभान नानाजीवर उखडला. "भाऊजी, बसवाचंच हाये तं आज पेव उघडा, रातभर हवा लागू द्या. उद्या पाहू."

"वा रे वा! रातभर उघडं ठेवलं तं सारा प्राण उडून जाईन ना!"

मूर्ख माणसाचं एक असतं. त्याचा पहिला पाय चुकीचा पडला की पुढचे सगळे पाय अगदी सरळ रेषेत पडतात.

पेव उघडायचं म्हटल्यावर गावातली माणसं जमली. त्यांच्यातल्या प्रत्येकाला हे चुकतंय हे ठाऊक होतं, आणि कोणीही ते मोठ्याने म्हटलं नाही. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? शेजारचा म्हातारा पुंजाजी तर पाट घेऊनच आला होता बसायला. मीही तिथे होतो.

लखमा हा नानाजीचा गडी. त्याने लिंपण फोडलं आणि शिळा सरकवली. कुबट, आंबूस वास वर आला. नानाजी डोळे मिटून म्हणाला, "आहाहा."

प्रयागबाई उठली. पदर खोचून, कंबरेला दोर बांधून, भिंतीचा आधार घेत पेवाच्या तोंडाशी येऊन बसली. तिचे ओठ निळसर दिसत होते. ती खरोखरच उतरणार होती. इंद्रभानने तिचा दंड धरला आणि म्हणाला, "कंदील सोडल्याबिगर मी हिले खाली जाऊ देनार नाई. मंग तुमी मले मारा का कापा."

"सोड ना. कोन नाई म्हनते? शास्त्राले भेव नाई."

कंदील पेटवून दोरीला बांधला आणि खाली सोडला. पेवाच्या गळ्याखाली हातभर गेला असेल नसेल, ज्योत लाल झाली, आखडली आणि विझली. वर ओढला तर नुसता धूर. इंद्रभानने तो पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तेच.

सगळे नानाजीकडे पाहू लागले. तो क्षणभरही अडखळला नाही. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"पाह्यलं? दिवा प्राणवायू खाते, हे त्या व्याख्यानात सांगतलं होतं. आत एवढा प्राण हाये का गेल्या गेल्या त्याचं पोट भरलं. पोट भरलं का विझते!"

शुद्ध प्राणवायूत ज्योत डोळे दिपतील एवढी भडकते. व्याख्यात्याने काचेखाली विझवून दाखवलेली मेणबत्ती भुकेने मेली होती, खाऊन खाऊन नव्हे. नेमका तोच प्रयोग ज्याच्या डोळ्यांसमोर झाला, त्याने त्याचा हा अर्थ लावला होता.

"नानाजी," पुंजाजी पाटावरून म्हणाला, "माह्या बैलाचं पोट भरते तं तो रवंथ करते. मरत नाई बापा."

लोक हसले. प्रयागबाई हसली नाही. ती विझलेल्या कंदिलाकडे बघत होती. वातीचा धूर तिच्या नाकात गेला आणि तिला जोराची ढास लागली. ढास थांबल्यावर तिने कंबरेला बांधलेला दोर सोडला आणि मागे सरकली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आधी तुमी उतरा. जागा पाहून या."

"मी? मले कायले? मले दमा नाई."

"मंग तं चांगलंच हाये," पुंजाजी म्हणाला. "तुमाले दुप्पट लागू पडन."

"वरून एवढा प्राण घेता रोज," प्रयागबाई म्हणाली, "खालचा घ्याले... काहून भेता?"

भीती हा शब्द चारचौघांत उच्चारला गेला आणि नानाजीची वाट बंद झाली. त्याने पागोटं काढून लखमाच्या हातात दिलं. दोर बांधायला मात्र नको म्हणाला. शास्त्राला दोर लागत नाही, वगैरे. प्रयागबाईने त्याला पुढे बोलू दिलं नाही. काखेखालून दोन वेढे घालून तिने स्वतः गाठ मारली, ओढून पाहिली, आणि दुसरं टोक भावाच्या हातात दिलं.

नानाजी शिडीने उतरू लागला. डोकं दिसेनासं झालं तरी बोलणं चालूच होतं. "गार लागून राह्यलं... लय बेस... आता मी पुरा श्वास घेतो, तुमी आइका..."

आणि त्याने तो घेतला. रोज सकाळी म्हशीला बिचकवणारा तो श्वास, छातीभर, पोटभर. जन्मात त्याने एकच गोष्ट मनापासून कमावली होती आणि ती त्याने नको त्या जागी वापरली. खालून एक खोकला आला, घशातून निघालेला घरघर आवाज आला आणि ज्वारीवर काहीतरी धप्पकन पडलं.

"मालक!" म्हणत लखमा शिडीवर पाय टाकणार, तेवढ्यात प्रयागबाईने त्याचं धोतर दोन्ही हातांनी धरलं.

"उतरू नको! तूबी मरशीन! वढा... दोर वढा!"

एवढं ओरडायला तिच्याजवळ दम कुठून आला कोणास ठाऊक. इंद्रभान, लखमा आणि आणखी दोघांनी दोर ओढला. म्हातारा पुंजाजीही पाट सोडून धावला. पेवाच्या गळ्याशी नानाजीचे खांदे अडकले. लखमाने वरूनच श्वास रोखून, वाकून नानाजीचा एक हात त्याच्या डोक्यावरून वर ओढून घेतला, आणि मग तो पोत्यासारखा बाहेर आला. चेहरा राखेचा, ओठ जांभळे. इंद्रभानने त्याला वाऱ्याच्या बाजूला निजवून बंडीची बटणं तोडली, पुंजाजी सुपाने वारा घालू लागला. छाती हलत नव्हती. इंद्रभान ती दोन्ही हातांनी दाबून सोडू लागला. अंगणात त्या वेळी प्रयागबाईच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. ती नवऱ्याच्या डोक्याशी बसली होती, आणि त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत स्वतःचा एकेक श्वास ओढत होती.

मग त्याच्या घशात काहीतरी अडलं आणि सुटलं. त्याने हवा घेतली. साधी, कोणालाही न दाखवता घेतलेली. तो फुकट मिळणारा, शंभरात एकवीस भागांचा वायू, ज्याने गावातल्या कुत्र्यामांजरांत आणि त्याच्यात कधी फरक केला नव्हता. थोड्या वेळाने ओठांचा रंग पालटला. डोळे उघडले.

आता तरी त्याला काही कळलं असेल, असं आम्हां सगळ्यांना वाटलं. प्रयागबाईने त्याच्या तोंडाला पाणी लावलं. तो पुटपुटला, "लय होता."

"काय लय होता?"

"प्राण. आत... लय होता. झेपला नाई."

पुंजाजीने सूप खाली ठेवलं. "याले पुन्हा आत टाका," तो म्हणाला आणि आपला पाट उचलून घरी गेला.

हे इथे संपायला हवं होतं. पण नानाजी खाटेवर पडून येणाऱ्याजाणाऱ्याला प्राणवायूच्या जोराचं वर्णन सांगू लागला. माणूस बेशुद्ध पडला आणि जगला, यापलीकडे लोकांना पुरावा लागत नाही. बातमी बाजारातून पसरली आणि पोहरादेवीकडचा दौलतसिंग आपल्या म्हाताऱ्या आईला बैलगाडीत घालून घेऊन आला. रामीबाई तिचं नाव. तिलाही दमा. गाडीतून उतरतानाच ती धापा टाकत होती. ज्या लोकांनी कंदील दोनदा विझताना पाहिला होता त्यांतलेच दोघे तिला पेवाची जागा दाखवायला पुढे झाले.

"थोडंच बसवू," नानाजी खाटेवरून म्हणाला. "पेवाच्या गळ्यापावतर. माह्यावानी पुरं नाई. हिशोबानं घ्या लागते."

प्रयागबाईने म्हातारीला पाणी दिलं, आपल्याजवळ भिंतीशी बसवलं. दोघी बराच वेळ एकमेकींकडे न पाहता श्वास घेत बसल्या. मग प्रयागबाई दौलतसिंगला म्हणाली, "भाऊ, मायले घरी ने. इथं दम नाई, मरन हाये. मी याची बायको हावो. मले नाई बसवलं अजून, पाहून राह्यला ना?"

दौलतसिंगने एकदा तिच्याकडे, एकदा खाटेकडे पाहिलं आणि गाडी जुंपली.

त्याच दिवशी तिने भावाला निरोप धाडला. शिळा पुन्हा लिंपून उपयोग नव्हता, हा गृहस्थ ती केव्हाही उघडणार. इंद्रभान आला. पेव दोन दिवस उघडं ठेवलं, वारा घातला, कंदील तळापर्यंत जळत गेला तेव्हाच लखमा उतरला आणि ज्वारी काढली. खालचे थर काळे पडून आंबले होते. तेवढे गुरांनीही तोंडात धरले नाहीत. मग नदीकडून गाड्या भरभरून मुरूम आणि धोंडे आणले आणि ते पेव बुजवायला घेतलं. प्रयागबाईला पाटी उचलवत नव्हती. ती पेवाच्या कडेला बसून, कुठे धोंडा टाकायचा ते काठीने दाखवत होती.

"प्राण गाडून राह्यले तुमी!" नानाजी ओरडला. "पुढच्या पिढ्या शिव्या देतीन!"

"देऊ द्या," प्रयागबाई म्हणाली. "मले वरचाच पुरते."

तो तिला पुरला असं नाही. दमा गेला नाही, पुढेही ती पावसाळ्यात बसूनच झोपली. मंगरूळपीरहून ती पूड मात्र तिने पुन्हा मागवली आणि ती नवऱ्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवली.

पेव बुजायला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. इंद्रभान आणि लखमा घामाने भिजले, पुंजाजीनेही चार पाट्या टाकल्या. नानाजीने एकही पाटी उचलली नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे वारा चांगला लागतो तिथे, तो छाती काढून उभा होता आणि श्वास घेत होता.